ब्रेकचं चाक

अरुंद रुळांवरच्या डोंगरगाडीला शंभर वर्षं झाली, म्हणून म्हाताऱ्या ब्रेकवाल्याला मानाने त्याच्या जुन्या जागेवर, शेवटच्या डब्यात बसवलं. उतार लागला तशी इंजिनाची शिट्टी झाली. उभा जन्म शिट्टीसरशी ब्रेकचं चाक आवळण्यात गेलेला. त्याने अंगातला सगळा जोर लावला, पण चाक तसूभर हलेना. समोर वळण, खाली दरी. त्याला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात गाडी आपसूक मंदावली. फोटोवाला खूश: “काय चेहरा दिलात, आजोबा!” म्हातारा शेजारी बसलेल्या रेल्वेच्या साहेबावर उखडला, “अहो, चाक जाम झालंय!” “वेल्डिंगच केलंय. पोरंटोरं फिरवत बसतात हो. आता ब्रेक इंजिनातूनच लागतात.” “मग मला कशाला बसवलंत?” “इतिहास म्हणून!” ओठांवर आलेली शिवी गिळून त्याने रागारागाने हाताची घडी घातली. पुढच्या उतारावर शिट्टी झाली, आणि घडी सोडून निर्लज्ज हात पुन्हा चाकावर.