सेन्सरवरचं कुंकू

जोडलेल्या वायरी सोडवून मी सेन्सरची काच रुमालानं पुसली. खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू निघालं आणि सोसायटीचं मोटारीवर चालणारं गेट सरळ झालं. मध्ये पाय धरला, तर थांबलंसुद्धा.

एवढंच काम होतं! गेटची दुरुस्ती माझ्याकडे, म्हणून पूजेच्या दिवशी वॉचमन भिवामामांचा फोन आला होता, “साहेब, पूजा झाली आणि गेट बंदच होईना.” तेव्हाच ‘काच पुसा’ म्हणायला हवं होतं. पण माझं ताट वाढलेलं होतं. म्हणालो, “सेन्सरच्या दोन वायरी जोडून टाका, बंद होईल. उद्या येतो.” उगवलो चौथ्या दिवशी.

वायरी जोडल्या की सेन्सर आंधळा होतो; मग ते गेट कुणासाठीच थांबत नाही. काल मध्ये सापडलेल्या एका आजींना ओढताना मामांचा उजवा हात खांबाशी चिरडला.

“चूक माझीच, साहेब,” मामा म्हणाले. “कुंकू मीच लावलं.”

खरं सांगायला मी तोंड उघडलं, तोच त्यांनी प्लास्टरमधला हात पोटाशी धरून शर्टाच्या खिशातून सुकलेलं आपट्याचं पान काढलं.

“दसऱ्याचं सोनं तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं. डाव्या हातानं देतोय, राग मानू नका.”