रुद्रगौडांना मिळालेलं एक मत

“दोन शब्द बोला, हार घाला आणि उतरा,” पक्षाचं काम बघणाऱ्या मल्लेशीने जीपमध्ये पुन्हा बजावलं. “तीन महिन्यांत पोटनिवडणूक आहे, अण्णा. त्यांच्या माणसाचं फार कौतुक नको.”

चनवीरप्पा हसले. “तीस वर्षं गौडाच्या विरुद्ध बोललो, तेव्हा कुणाला विचारलं नाही. आता त्याच्याबद्दल चांगलं बोलायला तुझी परवानगी काढू?”

मागे बसलेल्या त्यांच्या बायकोने, नीलव्वांनी, डोक्यावरचा पदर सारखा केला.

हिरेमळगीत मारुतीच्या देवळापुढे रुद्रगौडांच्या शोकसभेचा मांडव भरला होता. आपल्या पक्षाचा टॉवेल खांद्यावर टाकून चनवीरप्पा आत शिरले, तशी कुजबुज झाली. रुद्रगौडांच्या पत्नी शांतव्वांनी स्वतः सरकून नीलव्वांना शेजारी जागा दिली. कितीही झालं तरी नीलव्वा याच गावची लेक.

त्या माहेरानेच घात केला होता. चोवीस वर्षांपूर्वी जिल्हा पंचायतीला रुद्रगौडांनी चनवीरप्पांना पाडलं, तेही एका मताने. मतपत्रिका तीनदा मोजल्या, तरी एकच मत. “घरातलंच मत फुटलं,” पक्षातली माणसं म्हणाली. “नवऱ्यापेक्षा माहेरचा गौडा जड झाला!” जत्रेत, लग्नात, हळदीकुंकवाला बायका टोमणे मारत. नीलव्वा ना हो म्हणाल्या, ना नाही. “मत सांगायचं नसतं,” एवढंच त्यांचं उत्तर. चनवीरप्पांनी त्यांना कधी विचारलं नाही.

चनवीरप्पांनी रुद्रगौडांच्या फोटोला हार घातला आणि माइक हातात घेतला.

“गौडा माझा मित्र नव्हता. भर सभेत मला फुटका नगारा म्हणाला होता. मी त्याला काय म्हणालो ते सांगत नाही, समोर बायका बसल्यात.”

रडवेला मांडव खदखदून हसला.

“पण निवडून आल्यावर पाण्याची पहिली पाइपलाइन त्यानं कुठं टाकली? हिरेमळगीत नाही. माझ्या गावात! आमच्या बायका तीन मैलांवरून घागरी आणायच्या. ज्या गावानं त्याला शिव्या घातल्या, त्या गावाला त्यानं आधी पाणी पाजलं. असा वैरी मिळायला नशीब लागतं.”

शांतव्वांनी डोळ्यांना पदर लावला.

“आता त्या एका मताबद्दल.”

मल्लेशी अर्धवट उठला. बायकांच्या नजरा नीलव्वांवर खिळल्या. त्यांनी मान खाली घातली.

“ते कुणाचं होतं, मला मोजणीच्या दिवसापासून ठाऊक आहे. गौडाला सांगायचं राहून गेलं, म्हणून आज त्याच्यासमोर सांगतो.” चनवीरप्पांचा आवाज जराही हलला नाही. “मी शिक्का घेऊन पडद्याआड उभा होतो. मनाला विचारलं, चनवीरप्पा, खरं बोल, पाणी कोण आणेल? तू की तो? हजारांनी पडणारच आहेस, एका मतानं काय बिघडतंय? आणि मारला शिक्का त्याच्या चिन्हावर. ते मत माझं होतं.”

चनवीरप्पांनी बायकांच्या रांगांकडे बघितलं.

“लाजेपायी मी गप्प बसलो, आणि बोल माझ्या बायकोनं ऐकले. ज्यांनी ते लावले, त्यांनी जाताना तिच्या पाया पडून जावं. सगळ्यात आधी मी माफी मागतो.”

शांतव्वा नीलव्वांच्या गळ्यात पडून रडल्या. मग बाया एकेक करून येऊन वाकू लागल्या. नीलव्वा कुणाला अडवत नव्हत्या, पण कुणाकडे बघतही नव्हत्या. गौडांचा एक म्हातारा कार्यकर्ता उठला आणि त्याने आपला टॉवेल चनवीरप्पांच्या खांद्यावर घातला. मल्लेशी डोकं धरून बसला होता. “बुडवलंत, अण्णा!” म्हणत तो एसटीने निघून गेला.

परतताना चनवीरप्पा स्वतः जीप चालवत होते. कितीतरी वर्षांनी छाती हलकी वाटत होती. तिकीट जाईल, जाऊ दे.

“नीलव्वा, चुकलंच माझं,” ते म्हणाले. “माझं पाप चोवीस वर्षं तू वाहिलंस, आणि ‘मी नाही दिलं’ असं एकदासुद्धा म्हणाली नाहीस.”

नीलव्वा बाहेरच्या जोंधळ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी हळूच नवऱ्याकडे मान वळवली.

“अहो,” त्यांनी विचारलं, “म्हणजे तुम्हीसुद्धा?”