फेस्टीची चाल

पाहुणा पुन्हा फेस्टीकडे टक लावून बघत होता.

डेलियानं खिडकीतून ते पाहिलं आणि तिचे पिठातले हात थांबले. समुद्राची हवा खायला आलोय, असं सांगून या हॅनिगननं त्यांची मागची खोली भाड्यानं घेतली होती. पण समुद्राकडे तो पाठ करून बसायचा. तिचा नवरा फेस्टी गवत कापायला निघाला की हा कुंपणाशी हजर. फेस्टी खोकला की याची मान वर.

तिला संशय आला तो पेन्शनच्या कचेरीचा. पेन्शनसाठी फेस्टीनं वय दोन वर्षं वाढवून सांगितलं होतं. अख्ख्या गावानंच सांगितलं होतं. याच्यासमोर जरा वाकून चालत जा, असं तिनं नवऱ्याला बजावलं. फेस्टी हसला.

"अगं, बघू दे की. बघून माझं काय झिजतंय?"

सप्टेंबरात पाहुणा गेला. फेब्रुवारीत छातीच्या दुखण्यानं फेस्टी गेला. मग पोस्टातल्या बाईनं बातमी आणली. हॅनिगन नट होता, सिनेमातसुद्धा दिसायचा. सध्या डब्लिनच्या नाटकात तो आपल्याकडचा एक म्हातारा करतो आणि लोक पोट धरून हसतात. डेलिया काय ते समजली. चार लोकांत त्याची खरडपट्टी काढायची, असं ठरवून ती आगगाडीत बसली.

हॅनिगन रंगमंचावर आला तो एक खांदा पाडून, उजवा पाय ओढत. बोलण्याआधी त्यानं घसा खाकरला. लोक हसले. डेलियानं शालीखाली मुठी आवळल्या. मग तो चुलीपाशी बसला आणि त्यानं शेजारच्या रिकाम्या बाकावर हलकेच थोपटलं, फेस्टी तिला जवळ बसायला बोलवायचा अगदी तसं.

"बाई, खाली बसा," मागून कुणीतरी म्हणालं, तेव्हा आपण उठून उभ्या आहोत हे तिच्या ध्यानात आलं.

नाटकानंतर ती मागच्या दाराशी थांबली. हॅनिगन ताठ चालत बाहेर आला. तिचे काळे कपडे पाहून त्यानं टोपी काढली.

"मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. विचारायला हवं होतं, हेही त्यानं कबूल केलं. ती म्हणेल तर उद्यापासून म्हातारा बदलायला तो तयार होता.

वाटभर घोकलेलं डेलियाला काही आठवेना.

"नाटक कधीपर्यंत आहे?"

"शनिवारपर्यंत."

"मग बदलू नका. शनिवारपर्यंत मी इथंच राहते."