मालकाचा आवाज

तान्हाबाई शेतातच वारली. तिचा नवरा भिवसेन धावत आला, तेव्हा बांधावरच्या यंत्रानं नेहमीसारखं विचारलं, “मालक, आज काय विचारायचंय?”

माती, पाणी, कीड, सगळं ते यंत्र सांगायचं. पण सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या आवाजालाच. शेती तान्हाबाई करायची. ती कानात प्रश्न सांगायची आणि तो मोठ्यानं बोलायचा.

तेराव्यानंतर सून शेवंता म्हणाली, “मामंजी, तुरीची पानं गुंडाळतायत. विचारा की.”

“तूच विचार.”

“माझ्याशी मेलं बोलतंय कुठं!”

तो तडक तलाठ्याकडे गेला. “सुनेचं नाव लावा.”

“बाबा, पोरगा आहे ना?”

“पोरगा पुण्यात आहे. तूर इथं आहे.”

तलाठी हसला, पण अर्ज घेतला. भिवसेन रोज तिथं जाऊन बसतो. शेवंताचं नाव अजून लागलेलं नाही.