ट्रंकेतली अन्नपूर्णा

बायको गेली त्याला पंधरा दिवस झाले. मुलीने तिची ट्रंक उघडली, तर साड्यांखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळी अन्नपूर्णा निघाली. लग्नात माहेरून आलेली. वीस वर्षांपूर्वी मीच ती नदीत सोडायला लावली होती.

मूर्ती लखलखीत होती, कपाळी कुंकू. कागद मागच्याच महिन्याचा. त्यावर माझा अग्रलेख, श्रद्धेच्या स्वातंत्र्यावर.

"तुम्ही ऑफिसला गेलात की आई पूजा करायची," मुलगी म्हणाली.

"माझी एवढी भीती वाटायची तिला?"

"भीती नाही, बाबा. 'आमच्या घरात देव नाहीत' असं तुम्ही भाषणांत सांगायचात. ते खोटं ठरू नये म्हणून."

देव मी आजही मानत नाही. तरी विचारलं, "फुलं कुठली वाहायची?"

"फुलं नव्हती वाहत ती. घरात वास राहिला असता."