बुडालेल्यांचा रविवार

होडीत पाय टाकण्याआधी पाहुणा वाकला, दोन बोटं तळ्यात बुडवली आणि ती होडीच्या नाकाला लावली. तुलिओच्या हातातला दोर हातातच राहिला.

ही खोड एकाच घराची होती. बसण्याआधी होडीला पाणी पाजावं, असं आई सांगायची. कोमो तळ्याच्या अख्ख्या काठावर दुसरं कुणी असलं काही करत नसे. आणि हा पाहुणा तर ब्वेनोस आयरेसहून सुटीवर आलेला. डोक्यावर भारी टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, पायांत पांढरे बूट. बेलाजोच्या धक्क्यावर त्यानं होडी ठरवली ती होडीवाल्याच्या तोंडाकडे न बघताच. होडीवाल्याचं तोंड बघतो कोण? बघितलं असतं तरी एवढ्या पांढऱ्या दाढीत त्याला काय ओळखू येणार होतं!

तुलिओनं मात्र ओळखलं. मान खाली घालून त्यानं इंजिन सुरू केलं. हा ओरेस्ते होता, त्याचा थोरला भाऊ. तीसेक वर्षांपूर्वी याच तळ्यात बुडून मेलेला.

"व्हरोलो गाव लांबूनच बघायचंय, उतरायचं नाही," पाहुणा म्हणाला. "तिथं म्हणे एका भावानं दुसऱ्याला बुडवलं होतं?"

"म्हणतात तसं."

"मग तो बुडवणारा? आहे की गेला?"

"आहे. म्हणजे जेवतो-खातो."

पाहुणा खुशीत हसला. ते हसू ऐकून तुलिओच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाप मरताना मासेमारीची होडी धाकट्याला देऊन गेला होता. त्यावरून दोघे भाऊ भर धक्क्यावर, सगळ्यांदेखत हातघाईवर आले. दुसऱ्या दिवशी ती होडी पाण्यात उलटी सापडली आणि ओरेस्ते सापडलाच नाही. पोलिसांनी पुरावा नाही म्हणून तुलिओला सोडलं. गावानं सोडलं नाही. ठरलेली नवरी निवेस अंगठी परत पाठवून मोकळी झाली. आई त्याच्याशी पुन्हा एक शब्दही न बोलता गेली. आणि तो वेडा इतकी वर्षं या मेलेल्या भावासाठी गुपचूप रडत आला होता. आता त्याला सगळ्यात जास्त चीड आली ती त्या रडण्याची.

दरवर्षी जूनमधल्या एका रविवारी, चर्चमधली मिस्साची प्रार्थना आटोपली की व्हरोलोचे पाद्री धक्क्यावर उभे राहून तळ्यानं नेलेल्यांना एकेक करून नावानं हाक मारतात. नाव आलं की त्या घरचं माणूस पाण्यात फूल सोडतं. ओरेस्तेच्या नावाला आई फूल हातात धरून जरा वेळ थांबायची, पाण्यातून कुणी ओ देईल म्हणून. आई गेली आणि त्या नावाला फूल राहिलं नाही. नुसती शांतता व्हायची आणि गावाच्या माना वरच्या आळीतल्या तुलिओच्या खिडकीकडे वळायच्या. तेव्हापासून त्या दिवशी तो खिडकी लावून घ्यायचा आणि पहाटेच बेलाजोला निघून यायचा. पर्यटकांना काय, ते काही विचारत नाहीत.

आज तोच रविवार होता.

तळ्याच्या मधोमध त्यानं इंजिन बंद केलं.

"होडीला पाणी पाजलंस, ओरेस्ते. आईला बरं वाटलं असतं."

पाहुण्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. त्यानं चष्मा काढला, तुलिओकडे नीट पाहिलं. पण तो लवकरच सावरला. असली माणसं सावरतातच.

"होडी हवी होती ना तुला? घे म्हटलं," ओरेस्ते म्हणाला. "तिच्यापायी थोडं सोसावं लागलं असेल."

"थोडं?"

"तुला मारलं तर नाही ना मी."

तुलिओनं वल्हं उचललं. इथं पाणी किती खोल आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. आसपास एकही होडी नव्हती. मेलेल्या माणसाला मारलं म्हणून कोण धरणार? शिक्षा तर सगळी भोगून झाली होती, गुन्हाच तेवढा करायचा राहिला होता. ओरेस्ते दोन्ही हात डोक्यावर घेऊन होडीच्या तळाशी बसला.

तेवढ्यात पलीकडून व्हरोलोची घंटा ऐकू आली. मिस्सा सुटली होती.

तुलिओनं वल्हं खाली ठेवलं, इंजिन सुरू केलं आणि होडी गावाकडे वळवली. दुपारचा वारा सुटला होता. तोही मागून होडीला ढकलत होता.

"तिकडे कुठं?" ओरेस्ते धडपडत उठला. "तुलिओ, ऐक. तिथं नको. तिथं मी मेलेलाच बरा आहे. हवं तर इथं ढकल मला."

"ढकललं असतं रे. पण तुझा भरवसा नाही. पुन्हा कुठं तरी वर निघशील."

ओरेस्तेनं आईची शपथ घातली. तुलिओनं वेग वाढवला.

धक्क्यावर गाव काळ्या कपड्यांत उभं होतं. तुलिओनं लांबूनच इंजिन बंद करून होडी वाऱ्यावर सोडली. पाद्री डॉन चेलेस्ते आता म्हातारे झाले होते, पण सगळी नावं त्यांना तोंडपाठ होती. फुलं पाण्यात पडत होती.

"ओरेस्ते बोर्दोली," त्यांनी हाक मारली.

फूल पडलं नाही. सवयीनं सगळ्यांच्या माना वर, त्या लावलेल्या खिडकीकडे वळल्या. होडी धक्क्याला घासली तेव्हा त्या एकेक करून खाली आल्या.

तुलिओनं भावाची टोपी काढून घेतली. दंडाला धरून त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

"तुला हाक मारताहेत," तो म्हणाला. "ओ दे."