शून्य खरं आहे

हेमांगीनं आपली तान्ही लेक दवाखान्याच्या भिंतीतल्या पाळण्यात ठेवून झडप लावली. लगेच घंटा घणघणली. आतून नर्स शेवंताबाई धावत आल्या.

"चालू आहे गं! म्हणजे यंदाचंही आपलं शून्य खरं!"

बाहेर जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. नकोसं बाळ ठेवायला या पाळण्याकडे सत्तावीस वर्षांत कुणी आलं नव्हतं. पण पाळणाच बंद पडला असेल तर? म्हणून दरवर्षी ही चाचणी होई. यंत्र फक्त बाळाचा श्वास ओळखायचं, आणि या मानासाठी बाळंतिणींत चढाओढ लागायची.

हेमांगीनं लेकीला उचलून छातीशी धरलं.

"खरी घंटा शेवटची कधी वाजली होती?" यंत्राच्या देखभालीला आलेल्या नव्या इंजिनिअरनं विचारलं.

"मला इथं ठेवलं तेव्हा," हेमांगी ताठ मानेनं म्हणाली.